लघु, गुरू आणि खर्ज

आमच्या घराच्या जिन्याखाली तीस वर्षांहून अधिक काळ एक काळी पेटी उभी आहे. घरी प्रथमच येणाऱ्यास ती धान्याची वाटते. प्रत्यक्षात तो बेस गिटारचा ॲम्प्लिफायर आहे. लक्ष्मीपुरीतल्या एका रेडिओ-दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडून आम्ही तो १९९२ साली बांधून घेतला. आत पंधरा इंची स्पीकर, तळाशी विटेएवढा ट्रान्सफॉर्मर, जाड प्लायवूड, वर काळे रेक्झिन, कोपऱ्यांना पत्रा आणि दोन्ही अंगांना एकेक लोखंडी कडी. एकदा वाण्याच्या काट्यावर वजन केले, ते शेहेचाळीस किलो भरले.

दोन कड्या होत्या, कारण उचलणारे दोघे होते. एक आम्ही आणि दुसरा आमच्या ऑर्केस्ट्रातला कोंगोवादक मित्र. गणपतीत, नवरात्रात, गावोगावच्या जत्रांत आणि लग्नाच्या वरातीआधीच्या रात्री आम्ही हिंदी-मराठी चित्रपटगीते वाजवत असू. दिवसा महाविद्यालयात वृत्तछंद शिकवायचे आणि रात्री टेम्पोच्या हौद्यात पेटीशेजारी बसून कागल किंवा गारगोटी गाठायची, असा तो दुहेरी संसार होता. टेम्पो थांबला की मित्र आपल्या बाजूची कडी धरी आणि म्हणे, "उचल भावा." आमच्या मैत्रीतील बहुतेक संभाषण या दोन शब्दांत सामावले होते, असे आता वाटते.

२०२१ च्या उन्हाळ्यात तो गेला. पुढे दोन वर्षे आम्ही बेसला हात लावला नाही. मग काही जुन्या सहकाऱ्यांनी रविवारी संध्याकाळी एकत्र जमून वाजवण्याचे ठरवले आणि आम्हांला बोलावले. पहिल्याच रविवारी आम्ही पेटी एकट्याने सरकवू गेलो. परिणामी तीन आठवडे अंथरुणात काढले. कमरेच्या मणक्यातली चकती सरकली होती. डॉक्टरांनी जड उचलण्यास कायमची बंदी घातली. तेव्हा प्रश्न सरळ होता : हलका ॲम्प्लिफायर शोधायचा, की वाजवणे सोडायचे?

हा प्रश्न केवळ खरेदीचा होता असे मात्र म्हणवत नाही. आपल्या भाषेत 'हलका' हा शब्द चांगल्या घरातला नाही. हलक्या प्रतीचा माल, हलक्या कानाचा माणूस, हलकट. याउलट शब्दाला वजन असते, माणूस वजनदार असतो, आवाज भारदस्त असतो. आम्ही साहित्याची माणसे तर या भाराचे विशेष भक्त. निबंधात चार जोडाक्षरी शब्द आले की गुण वाढवणारे. गावातल्या एका दुकानात नवा ॲम्प्लिफायर पाहायला गेलो, तेव्हा तिथल्या वृद्ध गृहस्थांनी दोन किलोंचा तो डबा तळहातावर तोलला आणि आमची मनातली शंका उघड बोलून दाखवली : "सर, ह्यात दम काय असणार? हातात घेतल्यावर काही लागायला तर पाहिजे!"

बेसबद्दल ही शंका अधिकच साहजिक आहे. बेसच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदाला सुमारे एक्केचाळीस कंपनांचा. लहान रेडिओला तो धड काढताही येत नाही. ऑर्केस्ट्रात गायक दिसतो, ढोलकी ऐकू येते. बेसचे अस्तित्व कळते ते तो थांबला म्हणजे. पुस्तकाची बांधणी कोणी वाचत नाही, पण ती सुटली की पाने हातात येतात, तसे हे काम आहे. इतका खोल, इतका पायाभूत स्वर दोन किलोंच्या डब्यातून निघेल हे मनाला पटत नव्हते.

म्हणून वजन नेमके असते कुठे, याचा आम्ही शोध घेऊ लागलो. गंमत अशी की बेस गिटार हे वाद्यच मुळी ओझे उतरवण्याच्या खटपटीतून प्रचलित झाले. त्याआधी हे काम माणसापेक्षा उंच असा डबल बेस करीत असे. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणला, तो गळ्यात अडकवता येई. पण त्याला आवाज पुरवण्यासाठी पुढच्याच वर्षी बासमन नावाचा ॲम्प्लिफायर आणावा लागला. म्हणजे वाद्य हलके झाले आणि वजन पेटीत जाऊन बसले. मैफली मोठ्या झाल्या तसतशी ती पेटीही फुगत गेली. १९६९ साली आलेल्या ॲम्पेग कंपनीच्या तीनशे वॅटच्या प्रसिद्ध ॲम्प्लिफायरचे नुसते डोकेच पस्तीस किलोंच्या वर होते. दहा इंची आठ स्पीकरांचे त्याचे कपाट वेगळे.

या वजनाचे वाटेकरी तीन : ट्रान्सफॉर्मर, चुंबक आणि लाकूड. घरातील वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते. इतक्या मंद गतीने शक्ती पोहोचवायची तर ट्रान्सफॉर्मरला लोखंड-तांब्याचा मोठा गठ्ठा लागतो. नव्या यंत्रांत हीच वीज आधी सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद केली जाते, त्यामुळे प्रत्येक खेपेस थोडीच शक्ती न्यावी लागते आणि ट्रान्सफॉर्मर काडेपेटीएवढा पुरतो. 'क्लास डी' या पद्धतीत आवाज मोठा करणारे ट्रान्झिस्टरही असेच पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असतात; अर्धवट उघड्या नळासारखे राहून उष्णता उधळत नाहीत. साहजिकच त्यांना थंड ठेवणारे ॲल्युमिनियमचे जड पंखे गळाले. (त्यातील 'डी' म्हणजे डिजिटल नव्हे, तो केवळ क्रमाने आलेला वर्ग आहे.) चुंबकाची गोष्टही तशीच. निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे प्रबळ चुंबक १९८० च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे सिद्ध झाले. फेराइटच्या थाळीएवढ्या चुंबकाचे काम ते मूठभर आकारात करतात. २००० नंतर मार्कबाससारख्या इटालियन कंपनीने पिवळ्या पडद्यांचे असे हलके स्पीकर जगभरच्या मंचांवर नेले.

हे सारे समजल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. आम्ही दोघांनी तीस वर्षे जे वाहिले त्यातले बरेचसे बोलणारे नव्हतेच. ते मुके लोखंड होते.

मग खोलीला लागते तरी काय? याचे उत्तर आम्हांला परदेशी माहितीपत्रकात नव्हे, तर मिरजेस मिळाले. मिरज इथून पन्नासेक किलोमीटरवर. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्ये घडवायला घेतली. तिथल्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या गल्लीत आम्ही एक पुरुषी तानपुरा उचलून पाहिला. माणसाच्या छातीपर्यंत येणारे ते वाद्य एका हाताने उचलले गेले. पंढरपूरच्या बाजूला पिकणारा, वाळवून पोकळ केलेला भोपळा आणि पातळ लाकडाची तबली, एवढाच त्याचा ऐवज. आणि त्याची चौथी तार छेडली तेव्हा तो खर्ज सबंध खोलीत पसरला. त्या भोपळ्यात वजन नाही, जागा आहे.

खर्जाला जागा लागते, भार लागत नाही. बेसच्या त्या एक्केचाळीस कंपनांच्या स्वराची लांबी हवेत सव्वाआठ मीटर भरते, आणि त्याचे एक कंपन पुरे व्हायला सेकंदाचा चाळिसावा हिस्सा लागतो. इथे आमच्यातला वृत्तशिक्षक जागा झाला. गुरू अक्षर गुरू का? ते वजनाने जड असते म्हणून नव्हे, उच्चारायला दुप्पट काळ घेते म्हणून. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर ही चिन्हे काढत आलो आणि गुरुत्व हे काळाचे माप आहे, काट्यावरचे नव्हे, हे आम्हांला एका स्पीकरच्या पेटीने शिकवावे, याची थोडी लाज वाटली. शिवाय आपल्याच परंपरेत लाघव हा गुण आहे. सूत्रातली अर्धी मात्रा वाचली तर वैयाकरणाला मुलगा झाल्याचा आनंद होतो, असे म्हणतात. 'हलका' हा शब्द बिघडला तो पुढे कधीतरी, बाजारात.

पण लाघवालाही मर्यादा असते. स्पीकर बांधणाऱ्यांचा एक जुना नियम आहे : पेटी लहान हवी, स्वर खोल हवा आणि थोडक्या शक्तीत आवाज मोठा हवा, या तिन्हींपैकी दोनच गोष्टी मिळतात. वजन कमी करता येते, जागा चोरता येत नाही. हलक्यासोबत चिमुकलेही घेऊ पाहणारा ग्राहक इथे फसतो. तो वॅटच्या आकड्यावरही फसतो. शक्ती दुप्पट केली तर आवाज अवघा तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायचा तर दहापट शक्ती लागते. त्यामुळे तीनशेऐवजी पाचशे वॅट घेण्यापेक्षा एका वॅटला तीन डेसिबल अधिक आवाज देणारा स्पीकर घेणे शहाणपणाचे. डब्यावर छापलेले पाचशे वॅटही बहुधा चार ओहमच्या भारावरचे असतात. आठ ओहमची एकच पेटी जोडली तर बहुधा अर्ध्याहून थोडे अधिकच हाती येतात. समीक्षेतील विशेषणांसारखेच हे आहे. किती आहेत यापेक्षा कशाला जोडली आहेत ते पाहावे.

आणि आवाज हवा होता तरी किती? कोल्हापुरात 'डॉल्बी' म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरांची भिंत. तिच्यासमोर उभे राहिले की छातीच्या पिंजऱ्यात खर्ज शिरतो आणि गाणे कुठेच नसते. आम्हांला तो खर्ज नको होता. आम्हांला आठवत होते केशवराव भोसले नाट्यगृह. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून ते उभे राहिले तेव्हा नटांच्या हाती ध्वनिक्षेपक नव्हता. ती वास्तू हाच मोठा ॲम्प्लिफायर. त्याच्या मागच्या दाराने आम्ही दोघांनी ती पेटी किती वेळा आत नेली असेल! तिथे बेस थोडासाच उघडावा लागे, उरलेले काम लाकूड आणि उंच छत करी. २०२४ च्या ८ ऑगस्टच्या रात्री ते नाट्यगृह आगीत सापडले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ती बातमी ऐकल्यावर आम्ही बराच वेळ जिन्याखालच्या पेटीकडे पाहत बसलो होतो.

अखेर परीक्षा घेतली. महाविद्यालयाच्या सभागृहात पडद्यामागे जुनी पेटी आणि एका स्नेह्याकडून आणलेला नवा संच शेजारी ठेवला. वाजवायला एक विद्यार्थी बसवला आणि आम्ही पाठ फिरवून ऐकू लागलो. दहा वेळा ओळखायचे होते. चार वेळा चुकलो. मधल्या स्वरांत फरक कळेना. उलट नव्याचा उच्चार अधिक स्वच्छ. फक्त सर्वांत खालच्या तारेवर जुनी पेटी दर वेळी ओळखू आली. तिथे ती अधिक भरलेली होती. मन लगेच म्हणाले, पाहा, वजन ते वजन! मग मोजपट्टी घेतली. जुन्या पेटीची पोकळी नवीच्या जवळजवळ तिप्पट होती. फरक वजनाचा नव्हता, जागेचा होता. तेव्हा आम्ही डोके तेच दोन किलोंचे ठेवले आणि सर्वांत लहान पेटीचा मोह सोडून बारा इंची स्पीकरची, पातळ पॉपलर प्लायची, थोडी मोठी पेटी घेतली. तिचे वजन तेरा किलो. कंपनीचे नाव सांगत नाही; ज्याने त्याने आपल्या कानांनी आणि आपल्या कमरेने निवडावे.

एक उणीव मात्र लपवू नये. जुनी पेटी तीनदा बिघडली आणि तीनही वेळा त्याच कारागिराने संध्याकाळपर्यंत झाळून दिली. नवा डबा आम्ही त्याच्यापुढे ठेवला. आता त्याची दृष्टी मंद झाली आहे. भिंग लावून त्याने आतली मोहरीएवढ्या भागांची पाटी पाहिली आणि झाकण लावून परत दिली. "सर, हे दुरुस्त करायचं नसतंय, बदलायचं असतंय." हलकेपणाची ही किंमत आहे आणि ती माहितीपत्रकात छापलेली नसते. आम्ही ती जाणून दिली.

नव्या संचासह पहिल्यांदा वाजवायला गेलो ते मंगळवार पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. खांद्यावर बेस, पाठीवरच्या पिशवीत डोके, एका हातात पेटी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आम्ही थांबलो. दम लागला नव्हता. पूर्वी पेटी नेताना अशा वळणावर ती खाली टेकवून हात बदलायचे असत, म्हणून पाय थांबले. पेटी खाली ठेवली. पाहिले तर तिला वरच्या बाजूला एकच मूठ आहे. क्षणभर उभे राहिलो, मग उचलली आणि वर गेलो. त्या संध्याकाळी बेस चांगला वाजला, असे सगळ्यांचे म्हणणे पडले. एकाने तर जुन्यापेक्षा बरा वाटतो असेही सांगितले. ते खरेही असेल.

जिन्याखालची पेटी काढून टाकावी, असे घरातल्यांचे म्हणणे आहे. आमचीही हरकत नाही. पण ती हलवायची तर दोन माणसे लागतात, आणि दुसऱ्या कडीसाठी कोणाला हाक मारावी हे अजून आमचे ठरलेले नाही.