तेल देणारी वेल

फुलात तेल असतं! बियांचं नव्हे, अत्तराचंही नव्हे. चांगलं स्निग्ध तेल, फुलाच्या पाठीशी उघड्यावर मांडलेलं, माशीनं यावं आणि न्यावं म्हणून. ॲरिझोनातल्या टूसॉनला माझ्या अंगणात हे डोळ्यांनी पाहिलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटले आहे.

वेल कॅलेयम मॅक्रोप्टेरम, मूळची मेक्सिकोची. इथे वर्षाचा पाऊस तीनशे मिलिमीटरच्या आत, जूनमध्ये पारा चाळिशीपार, आणि कुदळ मारावी तर खाली कलीचे, म्हणजे चुन्यानं घट्ट झालेला थर. पहिल्या उन्हाळ्यात मुळांपर्यंत मुरेल असं पाणी दिलं, एवढंच. मग ती भिंतीवरच्या जाळीवर अशी चढली की जाळी दिसेनाशी झाली!

आणि फूल! पिवळंजर्द, पाच पाकळ्यांचं. पाकळ्यांच्या कडा कातरलेल्या, बुडं इतकी बारीक की मधल्या फटींतून खालची निदलं दिसतात, आणि निदलांवर फुगीर ग्रंथींच्या जोड्या. तेल तिथे. मधमाशीची नातलग सेंट्रिस माशी घोंघावत येते, वरच्या जाड बुडाच्या पाकळीला जबड्यांनी पकडते, राठ केसांचे पुढचे पाय फटींतून खाली घालते आणि ग्रंथी खरवडते. तेवढ्यात तिच्या पोटाला पराग लागतो. तेल पिल्लांसाठी: परागात कालवून त्यांचं अन्न होतं, घरट्याच्या कप्प्यांना आतून लिंपायलाही वापरतात. फुलं मकरंदाऐवजी तेल देऊ शकतात, हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ श्टेफान फोगेल यांनी 1969 मध्ये जगापुढे मांडलं. माणूस चंद्रावर उतरला, त्याच वर्षी!

त्याहून आनंद वेगळ्याच गोष्टीचा झाला. आपल्या सह्याद्रीतली हळदवेल, म्हणजेच माधवीलता, माझ्या वेलीच्याच कुळातली, मॅल्पिघिएसी! तिच्याही पाकळ्यांच्या कडा कातरलेल्या, तिच्याही फळांना पंख. सेंट्रिस माश्या मात्र फक्त अमेरिका खंडांत, त्यामुळे हा तेलाचा व्यवहार मला इथेच पाहायला मिळाला. इथल्या वेलीची फळं तर हुबेहूब फुलपाखरं, आधी पोपटी, मग तपकिरी, कागदी. मूठभर गोळा करून टेबलावर पसरली की नजर हटत नाही.

ही वेल लावणार असाल तर कीटकनाशक अजिबात मारू नका, आणि जवळ थोडी जमीन उघडी, न झाकलेली राहू द्या, कारण पुष्कळ सेंट्रिस माश्या जमिनीतच बिळं करतात. खडी पसरून सगळं अंगण झाकण्याची इथली पद्धत त्यांच्या मुळावर येते. मी एक कोपरा मोकळा केला आहे. त्याच्या कडेला आता जानुसिया लावते आहे, याच वाळवंटातली, त्याच कुळातली, नाजूक अंगाची वेल. तिची पिवळी फुलं अगदी चिमुकली, पण तेल त्यांच्यातही असतं!