कुस्करा, सेयल मानी आणि लग्नाचं जेवण

रात्रीच्या पोळ्या उरल्या की सकाळी आमच्याकडे कुस्करा ठरलेला. आई पोळ्या हातानं कुस्करायची, पण फार बारीक नाही. मोहरी तडतडली की कांदा, मिरची, हळद. वरून पाण्याचा हबका आणि झाकण. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये शेजारच्या सिंधी काकू तसल्याच पोळ्यांची सेयल मानी करायच्या. वाटलेली कोथिंबीर, लसूण, टोमॅटो यांचा रस्सा उकळला की त्यात पोळीचे तुकडे सोडायच्या आणि रस्सा मुरेपर्यंत शिजवायच्या. आम्ही मुलं दोन्हीकडे जेवायचो.

काकूंचं कुटुंब फाळणीनंतर सिंधमधून आलं. लष्कराच्या कल्याण कॅम्पातल्या रिकाम्या बराकींत निर्वासितांनी संसार मांडले आणि 1949मध्ये त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं. आमचं गाव बीडकडचं. 1972च्या दुष्काळात खाल्लेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीची चव वडील शेवटपर्यंत विसरले नाहीत. अन्न टाकू नये, हे या दोन्ही घरांत कुणी कुणाला शिकवावं लागलं नाही.

पण त्याच टंचाईनं आम्हाला आणखी एक भीती दिली: पाहुण्यांना कमी पडलं तर? आजची नासाडी मला या भीतीचीच वाटते, माजाची कमी. अंबरनाथ-बदलापूरच्या कुठल्याही हॉलवर बघा. केटरर पानामागे पैसे घेतो, ठरलेल्या किमान पानांचे पैसे द्यावेच लागतात, आणि यजमान धसक्यानं तो आकडा वाढवूनच सांगतो. मागे, ताटं धुतात तिथं, निळा ड्रम असतो. एक चावा घेतलेला गुलाबजाम, न मोडलेली नान, पुलावाचा ढीग. पातेल्यात उरलेलं वेळेत कुणाच्या तरी मुखी लागू शकतं. या ड्रममधलं कुणालाच देता येत नाही.

दोष एकट्या लग्नांचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार 2022मध्ये जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं 60 टक्के घरांतून. फ्रिजमध्ये मागे सरकलेली आमटीची वाटी चार दिवसांनी ओल्या कचऱ्यात जाते. कचरा वेगळा केला याचं समाधान मिळतं, आमटी मात्र गेलेलीच असते.

बदलापुरात भाचीच्या लग्नात मी पंगतीचा हट्ट धरला. वाढायला घरचीच पोरं. त्यांना बजावलं होतं, आधी विचारा, मग वाढा. थोडंच वाढा, पुन्हा फिरा. भात आणि जिलेबी उरली, ती दुपारीच, गरम असताना, हॉलच्या कामगारांना आणि मागच्या वस्तीत दिली. माझे मामा शेवटच्या पंगतीपर्यंत अस्वस्थ होते. "जिलेबी संपली असती तर?" त्यांनी दोनदा विचारलं. संपली असती तर हात जोडून संपली म्हणालो असतो, असं मी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.