ग्रामसभा हरवलेले गाव

आमचे गाव तालुक्याचे ठिकाण. २०१५ मध्ये ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. फटाके वाजले. सरपंचांच्या जागी नगराध्यक्ष आले, गावाचे १७ प्रभाग झाले.

माझी आई निरक्षर. पण ग्रामसभेला नेमाने जाई. आळीच्या नळाबद्दल तिने एकदा भरसभेत विचारले होते. परवा ती म्हणाली, "सभा कधी असते गं आता?"

राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनीला उत्तर यायलाच हवे! पुस्तक उघडले. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने खेड्याला ग्रामसभा दिली. ७४ व्या दुरुस्तीने शहराला वॉर्ड समित्या दिल्या, पण त्या तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांनाच बंधनकारक. आमच्यासारखे गाव मधल्यामध्ये लोंबकळले. ते खेडे उरले नाही आणि मोठे शहर तर नव्हेच.

गटारे झाली, दिवे लागले. नाही कोण म्हणतो? पण पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावून घेणे एवढीच का लोकशाही? प्रभागातल्या माणसांनी पारावर जमून नगरसेवकाला हिशेब विचारायला कोणत्या कायद्याची आडकाठी आहे?

आईला म्हटले, "सभा आपणच बोलवायची."

ती म्हणाली, "मग अर्ज तू लिही. पहिला अंगठा माझा."