कालनिर्णय काढा, ट्यूब बंद करा!

तर मंडळी, थर्ड इयरचे पेपर संपले आणि आम्हा चौघांच्या अंगात शॉर्ट फिल्मचं वारं शिरलं. गोष्ट सहा मिनिटांची. साल 1965. नवरा आठवडी बाजाराला गेलाय, रात्र झाली तरी परतला नाही आणि एक म्हातारी माजघरात वाट बघतेय. बस्स! हीरो नाही, गाणं नाही. बजेट म्हणजे मेसच्या रिबेटमधून जे काय सुटलं ते. लोकेशन फुकट हवं म्हणून माझ्या आजीचं रहिमतपूरचं घर ठरलं आणि हिरॉईनही फुकट हवी म्हणून खुद्द आजी.

आजी एका पायावर तयार. म्हणाली, "करा की! कानेटकर आपल्याच गावात जन्मले." 'रायगडाला जेव्हा जाग येते' हे वसंत कानेटकरांचं 1962 चं नाटक. मी पडले कॉन्व्हेंटवाली. शेक्सपिअरचं जन्मगाव झोपेत विचारा, सांगेन. कानेटकरांचं मात्र आजीकडूनच कळायचं होतं.

आमच्या आर्ट डायरेक्टर बाईंनी (माझी रूममेट) 'गावाकडचा फील' म्हणून वारलीचे स्टिकर आणि चकचकीत तांब्याचे दिवे आणलेले. आजीने ते बघून विचारलं, "हॉटेल काढताय का गं?" सगळं परत पिशवीत! मग उलटं काम सुरू झालं. आणायचं काही नाही, काढायचं. प्लास्टिकची खुर्ची, मोबाईलचा चार्जर, मिक्सर. कालनिर्णय तर पहिलं, कारण ते सुरूच झालं 1973 ला! पण कॅलेंडर काढलं तर भिंतीवर तेवढाच चौकोन पांढराशुभ्र. त्यावर चहाचं गाळलेलं पाणी फडक्याने टिपत बसलो. आजी म्हणाली, "घर शेणानं सारवलेलं पाहिलंय, चहानं आजच बघतेय."

हसू नका. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदेच रंगवायचे, मग त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दामले आणि फत्तेलाल यांनी 1936 मध्ये प्रभातसाठी 'संत तुकाराम' केला. म्हणजे भिंती रंगवत सिनेमात शिरायची रीत आपल्याकडची जुनीच आहे.

खरी मजा लायटिंगची. घरातला एलईडी बल्ब लावला की स्क्रीनवर काळे पट्टे सरकायचे. कॅमेरा बिघडला म्हणून आमचा कॅमेरामन रडकुंडीला. मी इलेक्ट्रिकलची, तेव्हा माझा भाव वधारला. आपली सप्लाय 50 हर्ट्झची, म्हणून स्वस्तातला बल्ब सेकंदाला 100 वेळा मिचमिचतो. डोळ्याला कळत नाही, शटरला कळतं. शटर एक छेद पन्नासवर आणलं, पट्टे गायब! शिवाय मंडपवाल्याकडून हॅलोजन आणला. त्याची तार तापलेली असते, सेकंदाच्या शंभराव्या भागात ती विझायला वेळच मिळत नाही. व्हायव्हाला जे कधी धड सांगता आलं नव्हतं ते त्या रात्री तोंडातून फडाफड आलं.

फ्रेममध्ये दिसतो तो कंदील, पण उजेड खरा त्याच बाजूला फ्रेमबाहेर खाली ठेवलेल्या हॅलोजनचा. तो थेट टाकला की आजीच्या नाकाची सावली गालावर सुरीसारखी. मध्ये पांढरं मोठं कापड धरलं तर उजेड पसरतो, सावलीची कड विरघळते. पण एवढं कापड आणायचं कुठून? हॉस्टेलच्या चादरींचा रंग आपल्याला माहीत आहेच! आजी आत गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज आला आणि घडीचं धोतर घेऊन आली. आजोबांचं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. "घ्या, पडूनच आहे," एवढंच म्हणाली. आम्ही ते दोरीवर टाकलं, हॅलोजनपासून चांगलं चार फूट लांब, पेटायला नको म्हणून.

शूटिंग दोन रात्रीत उरकलं. आजीची ॲक्टिंग? खरं सांगायचं तर बेताचीच. दाराकडे बघ म्हटलं की कॅमेऱ्याकडे बघायची.

एडिटिंगला हॉस्टेलवर बसलो तेव्हा एक शॉट सापडला. टेक संपल्यावर कॅमेरा चुकून चालूच राहिलेला. आम्ही वायरी गुंडाळतोय, आमचे आवाज येताहेत आणि आजी एकटीच उजेड झिरपणाऱ्या त्या धोतराकडे बघत बसलीय. एक मिनिट चाळीस सेकंद.

रशियात 1920 च्या आसपास कुलेशोव्हने एकच चेहरा वाटीभर सूप, शवपेटी अशा वेगवेगळ्या शॉटशेजारी जोडून दाखवला होता. चेहरा तोच, पण बघणाऱ्याला कधी भूक दिसायची, कधी दुःख. आम्ही आवाज काढून टाकला आणि आजीच्या आधी रिकाम्या दाराचा शॉट जोडला. झालं! म्हातारी नवऱ्याची वाट बघतेय. चौघंही गप्प. मग रूममेट म्हणाली, हे वापरायचं नाही, त्या ॲक्टिंग करत नव्हत्या. कॅमेरामन म्हणाला, म्हणूनच वापरायचं. रात्री दोनपर्यंत भांडण.

शेवटी पुढच्या रविवारी एसटीने रहिमतपूर गाठलं आणि लॅपटॉप आजीसमोर ठेवला. तिने चष्मा लावून पूर्ण शॉट पाहिला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढं लांब कशाला? लोक कंटाळतील. थोडं ठेवा."

थोडं म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. फिल्ममध्ये नऊ सेकंद आहेत. बाकीचा शॉट माझ्या पेन ड्राइव्हमध्ये आहे, आईला अजून दाखवलेला नाही.