चिवडा आणि मीठ

दिवाळीच्या फराळातला चिवडा हा रसायनशास्त्राचा पहिला धडा आहे, असे माझे जुने मत आहे. चिवड्यात पोहे पोहेच राहतात आणि शेंगदाणे शेंगदाणेच. आमचे चिरंजीव बशीतले काजू अचूक वेचून खातात, ते म्हणूनच! कुणाकडे खोबरे सढळ हाताने, कुणाकडे नावालाच. तरी चिवडा तो चिवडाच. शास्त्रात याला मिश्रण म्हणतात.

त्याच चिवड्यातल्या मिठाची गोष्ट मात्र अगदी निराळी. सोडियम हा चाकूने कापता येईल इतका मऊ धातू. पाण्याशी त्याचे असे काही हाडवैर की, तो रॉकेलात बुडवून ठेवावा लागतो. क्लोरीन हा हिरवट पिवळा विषारी वायू. १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी तो शत्रूच्या खंदकांवर सोडला होता. असे हे दोघे एकत्र येतात आणि होते काय, तर लोणच्यात आपण मुठीने घालतो ते मीठ! सोडियमचा अणू आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो; तेवढ्या देवघेवीने दोघांचाही स्वभाव पालटतो. हे संयुग. इथे कुणाच्या हाताचा अंदाज चालत नाही. मीठ कोकणातल्या मिठागरातले असो की राजस्थानातल्या सांभर सरोवरातले, शुद्ध केले की २३ भाग सोडियमला ३५.५ भाग क्लोरीन, हे वजन ठरलेले.

माझे हे व्याख्यान ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, "इतके गरीब झाले म्हणता, तर मोरीतल्या ब्लीचच्या बाटलीवर धोक्याची सूचना कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. त्या ब्लीचमध्येही सोडियम आणि क्लोरीनच असतात. पण जोडीला ऑक्सिजन असतो. त्या एका पाहुण्याने घराची सारी रीतच बदलते. त्यावर संडास धुण्याचे ॲसिड पडले की क्लोरीन मोकळा होतो. तोच तो, ईप्रचा! दिवाळीच्या साफसफाईत पुष्कळांना वाटते, दोन औषधे एकत्र ओतली की स्वच्छता दुप्पट. हा हिशेब चिवड्याचा झाला. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात एकदा तो कुणीतरी केला, आणि सारी मंडळी खोकत, डोळे चोळत गॅलरीत धावली. मोरी लहान, खिडकी बंद. थोडक्यात निभावले म्हणायचे.

सौ.नी त्याच दिवशी आमच्या दोन बाटल्यांची बिऱ्हाडे वेगळी केली. ब्लीच मोरीच्या फळीवर, ॲसिड संडासात. कामाच्या बाईंनाही बजावून सांगितले. खिडकी उघडी ठेवण्याचे खाते तेवढे माझ्याकडे आले आहे.