उघडी काच

आमच्या घरात सर्दीला दोन वैद्य होते आणि त्यांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. आईचं सगळं चुलीवर, अण्णांचं सगळं नळावर. नात्यागोत्यात आणि गल्लीत नाव होतं ते आईच्या वैद्यकाचं, कारण त्याला वास होता, चव होती आणि पेला तोंडाशी धरून समोर बसणारी आई होती. अण्णांच्या वैद्यकाला लोक चक्रमपणा म्हणायचे. मार्च २०२३ मध्ये अण्णा गेले. भेटायला आलेल्या बायका त्या दिवसांतही आईच्या काढ्याच्याच आठवणी काढत होत्या. अण्णांच्या हात धुण्याचा विषय निघाला तो हसण्यावारी, आणि मीही त्यात हसले.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. सातारा आगार, आणि वर्षानुवर्षं मेढ्यावरून महाबळेश्वरला जाणारी गाडी. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जून ते सप्टेंबर केळघरचा घाट धुक्यात आणि गाडी गच्च भरलेली. ओली घोंगडी, कोंबड्यांच्या पाट्या, तंबाखू, कडेवरची शेंबडी पोरं. पावसामुळे सगळ्या काचा घट्ट लावलेल्या आणि आतून घामेजलेल्या. मागच्या बाकावर एक खोकला निघाला की पुढे ड्रायव्हरपर्यंत पोचायचा. अण्णा या गाडीत शिरले की पहिलं काम काच उघडायचं. समोरची एक आणि मागची एक, चार बोटं सरकवलेली.

"ओ कंडक्टर, पानी आत येतंय की!"

"येऊ द्या. पान्यानं कोन मरत न्हाई. हितला वास घिऊन मराल."

यावरून भांडणं व्हायची. एका म्हातारीनं तर आगारात जाऊन तक्रार केली होती, कंडक्टर पोरांना भिजवतो म्हणून. अण्णांनी साहेबांचं ऐकून घेतलं, मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काच सरकवली. आईलाही हे पटत नसे. भिजलं, वारं लागलं, की सर्दी होणारच, असा तिचा पक्का हिशोब. गंमत म्हणजे हा वाद साताऱ्याबाहेरही रंगला होता. इंग्लंडात सॉल्सबरीजवळ १९४६ पासून चार दशकांहून जास्त काळ फक्त सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र चाललं. तिथं धडधाकट माणसांना ओले मोजे घालून वाऱ्याच्या बोळात उभं करून पाहिलं, आणि नुसत्या गारठ्यानं सर्दी वाढते असं काही दिसलं नाही. पुढे २००५ मध्ये कार्डिफला लोकांना गार पाण्यात पाय सोडून बसवलं, तर त्यांच्यात पुढच्या काही दिवसांत सर्दीच्या तक्रारी जास्त निघाल्या. म्हणजे आईचंही अगदीच टाकाऊ नव्हतं. मी हे दोघांना सांगितलं, तेव्हा दोघांनीही आपापल्या सोयीचा तेवढा भाग ऐकला.

तिकिटाची गोष्ट तर मला फार उशिरा कळली. तेव्हा कंडक्टरच्या हातात पत्र्याचा ट्रे असायचा. त्यात वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे, आणि तिकीट टोचायचा चिमटा बोटात. पातळ कागद, त्यात पावसाळी हवा. तिकीट सुटं व्हायचं नाही. मग सगळे कंडक्टर अंगठा जिभेला लावायचे. नोटा मोजताना तेच. दिवसभर शेकडो हातांतून आलेली नाणी, ओलसर नोटा आणि तोच अंगठा पुन्हा जिभेवर. अण्णांच्या ट्रेच्या कोपऱ्यात बामच्या डबीचं झाकण असायचं आणि त्यात ओल्या स्पंजचा तुकडा. तो माझ्या पाटी पुसायच्या स्पंजातून कापलेला. अर्धा स्पंज गेला म्हणून मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. सहकारी अण्णांना 'ब्यांकवाले' म्हणून चिडवायचे.

घरी आले की चामड्याची बॅग पडवीतल्या खुंटीला. ती आत यायची नाही. मी धावत गेले तरी हात वर धरून बाजूनं जायचे, नळावर लाल साबणानं कोपरापर्यंत हात घासायचे, तोंड धुवायचे आणि मग मला उचलायचे. तेवढा वेळ मला फार मोठा वाटायचा. फ्लूच्या विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं आणि साबण ते मोडतो. साध्या सर्दीच्या बहुतेक विषाणूंना तसं आवरण नसतं, पण ते घासून, पाण्याबरोबर वाहून जातात. हातावर ते काही तास तग धरतात आणि हात दिवसभर नाकाडोळ्यांकडे जातच असतो. यातलं काहीही अण्णांना माहीत नव्हतं. त्यांना बाई माहीत होती.

बाई म्हणजे त्यांची आई, माझी आजी. जावळीतल्या एका वाडीत जन्मलेली. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात उतरलेला ताप आगगाडीनं देशभर गेला आणि पावसाळा सरता सरता दुसऱ्यांदा उसळला तो जीव घेणारा होऊन. लोक त्याला मानमोडी म्हणायचे. त्या वर्षी पावसानंही दगा दिला होता. देशात सव्वा कोटीच्या आसपास, कदाचित त्याहून बरीच जास्त माणसं गेली असं मानतात. बाई तेव्हा चार वर्षांची. एका आठवड्यात तिची आई गेली, पाठोपाठ चुलती. आजारी माणसाला बघायला वाडीतल्या बाया येत, अंधाऱ्या खोलीत धुराची शेगडी पेटवून दार लावून बसत, आणि एकेक करून आडव्या होत. बाईच्या आजीनं पोर उचलली, खळ्यावरच्या उघड्या खोपीत नेली आणि ताप ओसरेपर्यंत कुणाला जवळ येऊ दिलं नाही. बाई जगली ती तेवढ्यावर. मग तिच्या घरात कुणाला ताप आला की एकानंच उठबस करायची, बाकीच्यांनी लांब, तांब्या-वाटी वेगळी, पांघरूण उकळत्या पाण्यात, दार सताड उघडं. अण्णांनी हे बाईच्या दुधाबरोबर घेतलं. त्यांना स्वतःला शिंका सुरू झाल्या की अंथरूण ओसरीवर जायचं आणि आम्हा भावंडांना उंबऱ्याच्या आतूनच बोलावं लागायचं.

आईचं वैद्यक मात्र हवंहवंसं होतं. कुंपणाला अडुळसा होता, न्हाणीच्या सांडपाण्यावर गवती चहा. अडुळशाची पानं, आलं, मिरे, गूळ घालून काढा आटवायची. अडुळसा कडूजहर. पुढे औषधाच्या दुकानात खोकल्याच्या बाटलीवर ब्रोमहेक्झिन वाचलं, आणि ते औषध अडुळशातल्याच एका द्रव्यावरून बनवलं गेलंय हे कळलं, तेव्हा आईला फोन करून सांगितलं. "मग मी काय सांगत होते?" एवढंच म्हणाली. छाती भरली की ओव्याची पुरचुंडी. सुती फडक्यात मूठभर ओवा बांधून तव्यावर दाबायची, मग आधी आपल्या गालाला लावून बघायची आणि नंतर आमच्या छातीवर. ओव्याच्या वासानं नाक चुरचुरायचं आणि डोळ्यांतून पाणी यायचं. कपाळाला उगाळलेल्या वेखंडाचा लेप. सुकला की कपाळ ओढलं जायचं आणि हसायची चोरी.

आणि रात्री हुलग्याचं माडगं. भाजलेल्या हुलग्याचं पीठ पाण्यात कालवून, लसणाची फोडणी देऊन, पातळ कढवलेलं. घसा जाळत खाली उतरायचं, घाम सुटायचा आणि झोप लागायची. या झोपेवर मात्र दोघांचं एकमत होतं. मुक्कामी गाडीची ड्यूटी करून आलं की सर्दी धरते, असं अण्णा ठामपणे सांगायचे. गावच्या शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर गाडीतच बाकावर अंग टाकायचं आणि पहाटे पाचला गाडी काढायची. २०१५ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला, त्यात १६४ लोकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडून पाहिलं होतं. रात्री सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी धरण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. अण्णांनी ही बातमी कापून पंचांगात ठेवली होती.

वाफेवरून मात्र खडाजंगी. आई घंगाळात उकळतं पाणी ओतून वर चादर धरायची. पोरं अंगावर सांडून घेतील म्हणून अण्णा घंगाळाशेजारी पहारा द्यायचे. वाफेनं बरं वाटतं, सर्दी लवकर जाते असं नाही. पोळण्याची भीती मात्र खरी. दादाच्या मुलाला, तो पाच महिन्यांचा असताना, आई मध-सुंठेचं चाटण द्यायला निघाली तेव्हाही असंच. वर्षाच्या आत मध द्यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि अण्णा मधाची बाटली घेऊन चक्क बाहेर निघून गेले. मूल वर्षाचं झाल्यावर त्याच बाटलीतला मध त्यांनीच पहिल्यांदा त्याला चाटवला.

ऑगस्ट २००९. मी पुण्यात. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला होता. शाळा बंद, नायडू रुग्णालयासमोर रांगा, मास्क मिळेनात. आमच्या सोसायटीत जो तो कापूर-वेलदोड्याची पुडी रुमालात बांधून हुंगत फिरत होता. अण्णांचा फोन आला. त्यांना निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. "कापूर हुंगून काय हुतंय? हात धू. आन् हापिसात खिडकी हाय का न्हाई?" आमच्या ऑफिसात खिडकी होती, उघडणारी नव्हती. "मंग रजा टाक," म्हणाले.

सर्दी दारावर थाप मारून येती, फ्लू दार मोडून येतो, हे त्यांचं वाक्य. २०२३ च्या फेब्रुवारीत तो तसाच आला. दुपारी जेवून पडले ते संध्याकाळी १०३ ताप, अंग ठणकतंय, हाडं मोडल्यासारखी. त्या वर्षी एच३एन२ची साथ होती. लस ते डॉक्टरांनी सांगितल्यापासून दरवर्षी घेत होते, त्याही वर्षी घेतलेली. थोडे दिवस आधी एका लग्नाला गेले होते. एसी कार्यालय, काचा भिंतीत बसवलेल्या. अण्णा अक्षतांनंतर उठून जिन्यात जाऊन बसले आणि ताट तिथंच मागवून घेतलं, यजमानांना वाईट वाटलं तरी. तिथंच लागण झाली असेल किंवा नसेलही. रोज सकाळी ते मंडईतही जात. पाचव्या दिवशी ताप उतरला, आम्ही सुटलो म्हणालो, आणि सातव्या दिवशी पुन्हा चढला. न्यूमोनिया. ७९ वर्षांचं वय. दवाखान्यात त्यांना ऑक्सिजन लावलेला असताना खुणेनं त्यांनी मला खिडकी दाखवली. नर्स म्हणाली, उघडत नाही ती.

इतकं सांभाळणारा माणूस फ्लूनंच जावा, याचा मला अजून राग आहे. कुणावर, ते सांगता येत नाही.

आईचा राग कुणावर आहे ते तिला नीट माहीत आहे. अण्णांवर. ते काढा कधी पुरता प्यायचे नाहीत; अर्धा पेला, तिची पाठ वळली की, अडुळशाच्याच बुंध्यात. तिला हे पन्नास वर्षं माहीत होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हे सांगते. आमचे डॉक्टर आले, त्यांनाही सांगितलं; ते ऐकून घेऊन चहा प्याले.

आता ती माझ्याकडे पुण्यात असते. रात्री ती खिडकी लावते, मी उघडते. वारं लागतं म्हणते. मी म्हणते, लागू दे. मग ती पांघरूण डोक्यावरून ओढून घेते आणि आतून बोलते, "बापावर गेलीयेस. उद्या काढा माझ्यासमोर बसून प्यायचा."