चर्चगेटचा जॅझ आणि आपली बँडपार्टी

मुंबईत चर्चगेट स्टेशनाकडून मरीन ड्राइव्हकडे जाणारा वीर नरिमन रोड म्हणजे जुनी चर्चगेट स्ट्रीट. हैदराबादहून एका प्रोजेक्टसाठी मी चार महिने तिथे जात होतो. पन्नास-साठच्या दशकांत याच रस्त्यावर संध्याकाळी जॅझ वाजायचा, हे मला तिथे गेल्यावरच कळलं. अ‍ॅम्बॅसेडर हॉटेल, गेलॉर्ड, बॉम्बेली आणि जवळच अ‍ॅस्टोरिया हॉटेलातला ‘व्हेनिस’. तिथे ख्रिस पेरीच्या बँडबरोबर लोर्ना गायची. काळ दारूबंदीचा, तरी लोक गर्दी करायचे! गेलॉर्ड अजून आहे. समुद्राकडच्या कोपऱ्यावरचं ‘टॉक ऑफ द टाऊन’ पुढे ‘जॅझ बाय द बे’ झालं आणि नंतर पिझ्झाचं हॉटेल. जॅझ पाटीवरूनही गेला.

सुरुवात आधीची. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकी वादक बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. हा नवा बाज उचलला तो गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणीच नोटेशन वाचायला शिकवलेलं असायचं. मुंबईत अनेक जण धोबीतलावच्या ‘कूडां’त, म्हणजे आपापल्या गावाच्या वसतिगृहांत राहायचे. आल्दोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ त्यांतलाच एक मोठा वादक. ट्रम्पेट असा वाजवायचा की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. बँडमधलं नाव चिक चॉकलेट.

रात्री हॉटेल, दिवसा सिनेमाचा स्टुडिओ. पुणतांब्याचे आपले सी. रामचंद्र यांनी चिकला साहाय्यक म्हणून घेतलं. ‘अलबेला’ (१९५१) पाहा, तो वादकांसह पडद्यावरही दिसतो. आपण मात्र गाणं म्हटलं की गायक, संगीतकार, फार तर गीतकार सांगतो. वादकाचं नाव कोण घेतो?

चिक १९६७ मध्ये गेला. त्याच सुमारास गिटारवाली पोरं आली, मग डिस्को. मला वाटतं, खरं कारण हिशोबाचं होतं. आठ माणसांना रोज पगार देण्यापेक्षा रेकॉर्ड लावणं स्वस्त. माणसांचं काम यंत्रावर टाकूनच पोट भरणारा सॉफ्टवेअरवाला हे म्हणतोय, हेही खरं.

आदिलाबादकडे आपल्या वरातींत डीजेनं हेच केलं. पूर्वी बँडपार्टीचा ट्रम्पेटवाला हमखास ‘अलबेला’ची गाणी वाजवायचा आणि आमच्या काकांमधले भगवानदादा जागे व्हायचे. चर्चगेटचे सूर पैनगंगेपर्यंत आले ते असे. चिकचं नाव निदान पुस्तकांत सापडतं. आपल्या त्या ट्रम्पेटवाल्याचं नाव मी घरात विचारलं. बाबांना फक्त त्याची लाल टोपी आठवते. कुणाला नाव माहीत असेल, किंवा त्या बँडचा जुन्या लग्नातला फोटो असेल, तर मंडळाकडे जरूर पाठवा.